आरएक्स ६६०० की आरटीएक्स ३०५०? ५६००जी आणि २२ हजारांचं बजेट असेल तर

एएमडीचं आरएक्स ६६०० घे, पण त्याआधी कॅबिनेटसोबत आलेला तो एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बदल. कारणं सविस्तर सांगतो, कारण या दोन ग्राफिक्स कार्डांबद्दल दुकानात आणि मित्रमंडळींत जे बोललं जातं त्यातलं बरंचसं अर्धवट असतं.

आधी तुझी परिस्थिती मला काय समजली ते लिहितो, म्हणजे तुझ्यासारख्याच अडचणीत असलेल्या दुसऱ्या कुणालाही याचा उपयोग होईल. तू नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. घरी रायझन ५ ५६००जी, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि २४ इंची, ७५ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर आहे. मॉनिटरला एचडीएमआय आणि व्हीजीए एवढीच पोर्टं आहेत. आतापर्यंत प्रोसेसरमधल्याच वेगा ग्राफिक्सवर व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळलास, आता रेड डेड रिडेम्पशन २, सायबरपंक २०७७ आणि फोर्झा होरायझन ५ खेळायचे आहेत. दुकानदाराने आरएक्स ६६०० चे २१,५०० आणि आरटीएक्स ३०५० चे २२,००० सांगितले. मित्र म्हणतो, एनव्हिडियाचं ३०५०च घे, पुढे मशीन लर्निंगला कुडा, म्हणजे कार्डावर गणितं चालवायची एनव्हिडियाची यंत्रणा, लागेल.

दुकानदाराला पहिला प्रश्न विचार: हे ३०५० नक्की कोणतं? बाजारात या एकाच नावाची दोन कार्डं आहेत. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या मूळ कार्डात ८ जीबी मेमरी, १२८ बिटची बस (मेमरीकडे जाणारा रस्ता) आणि २५६० कुडा कोअर आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं कार्ड आलं. त्याची बस ९६ बिटची, कोअर २३०४ आणि मेमरीचा वेग सेकंदाला २२४ वरून १६८ जीबीवर उतरलेला. ते फक्त ७० वॅट घेतं आणि त्याला एसएमपीएसची वेगळी वायर जोडावी लागत नाही. ब्रँडेड ऑफिस पीसीमध्ये, जिथे वायरच उपलब्ध नाही, तिथे ते खरोखर उपयोगाचं कार्ड आहे. पण खोक्यावर ३०५० असंच मोठ्या अक्षरांत असतं आणि ६ जीबी बारीक अक्षरांत. २२ हजारांत कोणी तुला ६ जीबीचं देत असेल तर तिथूनच परत फिर. पुढचं सगळं मी ८ जीबीच्या ३०५० बद्दल लिहितोय.

कागदावर ही दोन कार्डं जुळी भावंडं वाटतात. दोन्हीत ८ जीबी जीडीडीआर६ मेमरी, दोन्हीची बस १२८ बिटची, मेमरीचा वेग दोन्हीकडे सेकंदाला २२४ जीबी, विजेची गरज १३२ आणि १३० वॅट. वर ३०५० मध्ये २५६० कोअर आणि ६६०० मध्ये १७९२ स्ट्रीम प्रोसेसर, म्हणून ‘एनव्हिडियात जास्त कोअर आहेत’ असं सांगून ते विकलं जातं. दोन कंपन्यांचे कोअर वेगवेगळ्या पद्धतीने मोजले जातात आणि वेगवेगळं काम करतात, त्यामुळे त्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करण्यात काही अर्थ नाही. एकाच कंपनीच्या एकाच पिढीतल्या दोन कार्डांत कोअर मोज, त्याच्या बाहेर नको.

मग फरक कुठून येतो? दोन गोष्टींतून. ६६०० ची चिप टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनते आणि तिचा बूस्ट क्लॉक, म्हणजे कमाल वेग, जवळपास २.५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. ३०५० ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटरवरची आहे आणि तिचा अधिकृत बूस्ट १.७८ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ६६०० च्या चिपमध्येच ३२ एमबीचा कॅश आहे, त्याला एएमडी इन्फिनिटी कॅश म्हणते. ३०५० मध्ये त्या जागी २ एमबीचा एल२ कॅश आहे. स्वयंपाक करताना मीठ-मसाल्याचा डबा ओट्यावर हाताशी असणं आणि दर वेळी उंच फळीवरून काढावा लागणं, यात जो फरक आहे तोच इथे आहे. फळी दोन्ही घरांत तितक्याच उंचीवर आहे, पण ६६०० ला तिथवर हात घालायची वेळ कमी येते. म्हणून मेमरीचा वेग कागदावर सारखा असूनही फुल एचडीवर ६६०० सुटून जातं. रिझोल्यूशन वाढवत नेलं की त्या ३२ एमबीत माहिती मावेनाशी होते आणि हा फायदा घटतो, पण तुझा मॉनिटर फुल एचडीच आहे.

प्रत्यक्ष खेळताना, रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारी सेटिंग) बंद ठेवून, फुल एचडीवर ६६०० साधारण २५ ते ३० टक्के पुढे राहतं. एखाद्या गेममध्ये अंतर कमी, एखाद्यात आणखी जास्त, पण सरासरी तिथेच येते. यात आश्चर्य काही नाही, कारण ही दोन कार्डं मुळात एका वर्गातली नव्हतीच. ऑक्टोबर २०२१ मध्ये ६६०० बाजारात आलं तेव्हा त्याची जाहीर किंमत ३२९ डॉलर होती, ३०५० ची २४९ डॉलर. पुढे ६६०० ची किंमत उतरत गेली, ३०५० ची त्या प्रमाणात उतरली नाही, कारण एनव्हिडियाच्या नावाला मागणी होती. आज दोन्ही एका किमतीला दिसतात म्हणून ती बरोबरीची वाटतात, इतकंच. उलट, वरच्या वर्गातलं कार्ड तुला ५०० रुपये कमी देऊन मिळतंय.

आता तुझ्या गेमकडे येऊ. व्हॅलोरंटसाठी दोन्हीपैकी काहीही घेतलंस तरी फरक जाणवणार नाही. तिथे प्रोसेसरची मर्यादा आधी लागते, आणि ५६००जी मध्ये एल३ कॅश १६ एमबी आहे, साध्या ५६०० च्या निम्मा, त्यामुळे ती जरा लवकरच लागते. तरीही ७५ हर्ट्झच्या पडद्याला पुरून उरतील एवढ्या फ्रेम दोन्हीवर मिळतात. जीटीए ५ चंही तेच. निवड ठरणार आहे ती रेड डेड, सायबरपंक आणि फोर्झावर, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत येणाऱ्या गेमवर.

इथे तुझ्या मॉनिटरचा मुद्दा येतो, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. समज, एखाद्या जड गेममध्ये, एकाच सेटिंगवर, ३०५० ला सेकंदाला ४६ फ्रेम मिळतात. ३० टक्के जास्त म्हणजे ६६०० ला ६० मिळतील. ४६ आणि ६० हे ऐकायला फार लांबचे आकडे नाहीत. पण ७५ हर्ट्झच्या बहुतेक स्वस्त मॉनिटरवर फ्रीसिंक ४८ ते ७५ या पट्ट्यातच चालतं. फ्रेम रेट त्या पट्ट्यात असेल तोवर मॉनिटर कार्डाच्या गतीने चालतो, चित्र फाटत नाही आणि हालचाल सलग वाटते. ४८ च्या खाली गेलं की ते सुटतं आणि पडदा अडखळायला लागतो. वरच्या उदाहरणात ६६०० पट्ट्याच्या आत आहे आणि ३०५० बाहेर.

शिवाय तुझ्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट नाही. एएमडीचं कार्ड एचडीएमआयवरूनही फ्रीसिंक चालवतं. एनव्हिडियाने २०१९ पासून फ्रीसिंक मॉनिटरांना पाठिंबा दिला आहे, पण अशा मॉनिटरसाठी तो डिस्प्लेपोर्टवरून मिळतो. एचडीएमआयवरून मिळायचा तर एचडीएमआय २.१ चा व्हीआरआर असलेला पडदा लागतो, आणि तो या किमतीच्या मॉनिटरांत नसतो. म्हणजे ३०५० घेतलंस तर मॉनिटरमध्ये असलेली, तू पैसे मोजलेली सोय तुला वापरताच येणार नाही. खोक्यावर किंवा मॉनिटरच्या मेनूमध्ये फ्रीसिंक किंवा अडॅप्टिव्ह सिंक असं काही दिसतं का ते आजच बघून घे.

मित्राचा पुढचा मुद्दा डीएलएसएस, म्हणजे छोटं चित्र मोठं करून दाखवण्याचं (अपस्केलिंगचं) तंत्र, असणार, आणि तो खोटा नाही. एनव्हिडियाचं डीएलएसएस चित्राच्या दर्जात एएमडीच्या तशाच तंत्रापेक्षा, एफएसआर २ आणि ३ पेक्षा, चांगलं आहे, हे मी स्पष्ट मान्य करतो. झाडांची पानं, तारेची कुंपणं, दूरचे केस या ठिकाणी एफएसआर चमचमतं, डीएलएसएस स्थिर राहतं. जानेवारी २०२५ मध्ये आलेलं नवं, ट्रान्सफॉर्मर पद्धतीचं डीएलएसएस जुन्या आरटीएक्स कार्डांवरही चालतं आणि ते आणखी सुबक दिसतं, जरी ३००० मालिकेवर त्याचं ओझं थोडं जास्त पडतं. एएमडीचं एफएसआर ४ मात्र अधिकृतपणे ९००० मालिकेसाठी आहे, ६६०० साठी नाही.

पण फुल एचडीवर हे तंत्र काय करतं ते बघ. क्वालिटी मोडमध्ये गेम आतून १२८० बाय ७२० वर चित्र काढतो आणि ते मोठं करून दाखवतो. फुल एचडीत २०.७ लाख पिक्सेल असतात, ७२०पी मध्ये ९.२ लाख. अर्ध्याहून कमी माहितीतून पूर्ण चित्र उभं करायचं असतं. ४के पडद्यावर हीच युक्ती फार छान चालते, कारण तिथे मूळ चित्रच भरपूर मोठं असतं. २४ इंची फुल एचडीवर बारकावे जातातच, डीएलएसएस असलं तरी. आणि जो फ्रेम रेट ३०५० ला ७२०पी वरून चढून गाठावा लागतो, तिथे ६६०० पूर्ण रिझोल्यूशनवरच उभं असतं. मूळ चित्रापेक्षा चांगलं अपस्केलिंग अजून तरी क्वचितच पाहायला मिळतं. दोन वर्षांनी एखाद्या गेमसाठी ६६०० लाही अपस्केलिंग लावावं लागेल, तेव्हा डीएलएसएस नसल्याची उणीव जाणवेल. ती मी लपवत नाही. पण ती वेळ ३०५० वर आधी येईल.

फ्रेम जनरेशनबद्दल, म्हणजे खऱ्या फ्रेमच्या मध्ये तयार केलेल्या फ्रेम घालण्याबद्दल, गैरसमज आहे म्हणून सांगतो. एनव्हिडियाचं डीएलएसएस फ्रेम जनरेशन ३००० मालिकेवर चालत नाही, त्यामुळे ‘डीएलएसएसमुळे दुप्पट फ्रेम’ ही जाहिरात ३०५० ला लागू नाही. एफएसआर ३ चं फ्रेम जनरेशन ज्या गेममध्ये आहे तिथे ते दोन्ही कार्डांवर चालतं, आणि ६६०० ला ड्रायव्हरमधलं, तेच काम करणारं एएफएमएफही मिळतं. पण मुळात ५५-६० खऱ्या फ्रेम नसतील तर यातलं काहीही चालू करू नकोस, माऊस जड लागतो.

रे ट्रेसिंग या किमतीत विसर. ते चालू केलं की दोन्ही कार्डांमधलं अंतर जवळपास मिटतं, पण दोन्ही इतकी खाली येतात की मिटलेल्या अंतराचा उपयोग नाही. एक गोष्ट मात्र बरी आहे: दोन्हीत रे ट्रेसिंगचं हार्डवेअर आहे. डिसेंबर २०२४ मधल्या इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलपासून असं हार्डवेअर नसेल तर चालूच न होणारे मोठे गेम येऊ लागले आहेत. त्या गेमच्या किमान गरजांत एएमडीचं कार्ड म्हणून आरएक्स ६६०० चंच नाव आहे. यासाठीच जुनं जीटीएक्स १६६० सुपर, कितीही स्वस्त मिळालं तरी, आता घ्यावं असं मला वाटत नाही.

तुझ्या मशीनवर यातलं काय अडेल? दोन्ही कार्डं पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधल्या रस्त्याच्या, आठच लेन वापरतात. ५६००जी पीसीआयई ३.० चा प्रोसेसर आहे, त्यामुळे कार्डाला त्याच्या क्षमतेच्या निम्मा, साधारण सेकंदाला ८ जीबीचा रस्ता मिळेल. ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची मेमरी) भरून वाहत नाही तोवर याचा फटका फार नसतो. टेक्श्चर एक पायरी खाली ठेवलंस, अल्ट्राऐवजी हाय, तर जाणवणारही नाही. याच कारणासाठी ‘त्यापेक्षा आरएक्स ६५०० एक्सटी घे, स्वस्त आहे’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. त्याला चारच लेन आहेत, मूळ मॉडेलमध्ये मेमरी ४ जीबी आहे आणि व्हिडिओ रेकॉर्डिंगचा एन्कोडरच नाही. तुझ्या बोर्डवर ते गुदमरेल.

रॅम १६ जीबी म्हणालास, पण ती दोन कांड्यांत आहे की एका, ते लिहिलं नाहीस. एकच १६ ची कांडी असेल तर तिच्यासारखीच दुसरी टाकायची सोय पुढे बघ. सिंगल चॅनलमुळे ५६००जी चा दम कमी होतो आणि त्याची भरपाई कोणतंही कार्ड करू शकत नाही.

बायोसमध्ये एक सेटिंग आहे ज्याने ६६०० ला फुकट फायदा होतो: रीसाइझेबल बार, एएमडी त्याला स्मार्ट ॲक्सेस मेमरी म्हणते. त्याने प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरता येते. बी४५० वर ते चालतं, पण बायोस नवं हवं. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट कर, मग अबव्ह ४जी डीकोडिंग आणि रीसाइझेबल बार चालू कर आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करण्याची सोय) बंद कर. इथे सावध राहा. विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर टाकलेलं असेल तर सीएसएम बंद करताच पीसी सुरू होणार नाही. आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क जीपीटी आहे का बघ, नसेल तर विंडोजमधलंच एमबीआर२जीपीटी वापरून बदल, आणि त्याआधी कॉलेजच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घे. बायोस अपडेट करताना वीज जाता कामा नये, म्हणून यूपीएस चार्ज असताना कर.

आता एसएमपीएस, ज्याबद्दल मी सगळ्यात आग्रही आहे. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ४५० किंवा ५०० वॅट छापलेलं असतं. त्यावरचा तक्ता वाच. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर १२ व्होल्टवर चालतात, आणि त्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे १४ किंवा १६ अँपिअर लिहिलेलं असेल तर तो डबा खऱ्या अर्थाने १७०-१९० वॅटचाच आहे. तुझं ६६०० पूर्ण भारात १३२ वॅट घेणार, ५६००जी जास्तीत जास्त ८८, बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी मिळून ३०-४०. बेरीज २५० च्या पुढे जाते. शिवाय कार्ड क्षणभरासाठी सरासरीपेक्षा बरंच जास्त खेचतं. असल्या डब्यावर गेम अर्ध्यात पीसी बंद होतो, आणि डबा वाईट दिवशी गेला तर एकटा जात नाही. जळलेली कार्डं दुरुस्तीला येतात त्यांच्या मालकांशी बोलताना मी आधी एसएमपीएस कोणता होता ते विचारतो, आणि बऱ्याचदा उत्तर हेच असतं: कॅबिनेटमध्ये आलेला.

नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ प्रमाणपत्राचा ४५० किंवा ५५० वॅटचा एसएमपीएस घे. त्याला ३,००० रुपयांच्या आसपास जातील. सहा-अधिक-दोन पिनची पीसीआयई वायर त्यात असायला हवी. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या वायरीवरून) आठ पिन करणारं कन्व्हर्टर दुकानदार देऊ लागला तर घेऊ नकोस. हे ३,००० तुझ्या २२ हजारांत बसत नाहीत हे मला माहीत आहे. मग महिना-दोन महिने थांब, पण कार्ड आणि एसएमपीएस एकत्रच घे. कार्ड आधी घेऊन जुन्या डब्यावर ‘तात्पुरतं’ चालवायचा मोह होईल. तो टाळ.

नांदेडला वीज येते-जाते, म्हणून यूपीएसचंही सांगतो. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच देतो. गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून त्याच्या बरेच जवळ जातात. वीज गेल्यावर त्याच्या भरवशावर खेळत बसू नकोस, गेम सेव्ह करून बंद करण्यापुरताच तो आहे. बॅटरी जुनी असेल तर तेवढाही वेळ मिळणार नाही. काही चांगल्या एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर मानवत नाही आणि वीज गेल्या क्षणी पीसी बंद पडतो. घरी आणल्यावर यूपीएसचा प्लग काढून एकदा तपासून घे.

राहिला कुडा. यावर मी गांभीर्याने विचार केला, कारण ६६०० विरुद्धचा हाच एक भक्कम मुद्दा आहे. पायटॉर्चसारखी मशीन लर्निंगची साधनं एनव्हिडियाच्या कार्डावर विंडोजमध्ये सहज चालतात. एएमडीची रॉकएम नावाची पर्यायी यंत्रणा आहे, पण अधिकृत यादीत ६६०० नाही. लिनक्सवर थोड्या खटपटीने ते चालवता येतं, पण दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने शिकण्याचा वेळ त्या खटपटीत घालवावा असं मला वाटत नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येही त्यातल्या सायकल्सने रेंडर करताना ३०५० एनव्हिडियाच्या ऑप्टिक्स यंत्रणेमुळे स्पष्टपणे पुढे आहे. यूट्यूबवर किंवा इतरत्र थेट प्रक्षेपण करायचं तर एनव्हिडियाचा एन्कोडर कमी बिटरेटला जास्त स्वच्छ चित्र देतो. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत.

पण तुझाच प्रश्न पुन्हा वाच. गेमची पाच नावं तू लिहिलीस, मशीन लर्निंगबद्दल फक्त मित्राचं वाक्य लिहिलंस. तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमातली कामं गूगल कोलॅब किंवा कॅगल या ऑनलाइन सेवांवर फुकटात होतात. तिथे मिळणाऱ्या टी४ कार्डावर १६ जीबी मेमरी असते, ३०५० च्या दुप्पट. सत्र मध्येच तुटतं, इंटरनेट लागतं, तासांची मर्यादा असते, हा त्रास आहेच. तो त्रास होईपर्यंत तू त्या वाटेवर खरोखर गेला आहेस का, हे तुला कळलेलं असेल.

आणि गेलास तर? तरीही २२ हजारांचं ३०५० हे उत्तर नाही. कुडा आत्ताच हवा अशी तुझी खात्री असेल तर थोडे पैसे आणखी साठव आणि जुलै २०२५ मध्ये आलेलं आरटीएक्स ५०५० बघ. त्यात ८ जीबीच मेमरी आहे, वीज १३० वॅटच लागते, पण ते गेममध्ये ६६०० च्याही पुढे आहे आणि डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन त्यावर चालतं. मोठी मॉडेलं चालवायची असतील तर आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड शोध. तिथेही नावाचा तोच घोळ आहे: ३०६० चं ८ जीबी आणि १२८ बिटचं एक मॉडेल २०२२ च्या शेवटी आलं, ते नको. ३०५० हे असं मधेच अडकलेलं कार्ड आहे. गेमसाठी त्याच किमतीत ६६०० चांगलं, कामासाठी थोडं पुढे गेलं की त्याहून बरीच चांगली कार्डं. १६-१७ हजारांना नवं ८ जीबीचं मिळालं असतं तर माझं उत्तर वेगळं असतं.

६६०० घेताना एक गोष्ट माहीत असू दे. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी एएमडीने जाहीर केलं की ५००० आणि ६००० मालिकेचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत, देखभालीच्या पातळीवर जातील. त्यावर गेमर चिडले, तेव्हा नव्या गेमसाठीचं काम सुरू राहील असा खुलासा कंपनीने केला. कार्ड २०२१ चं आहे, तर हे कधी ना कधी होणारच होतं. तुझ्या यादीतले गेम जुने आहेत आणि उत्तम चालतात. पण ‘पाच वर्षं बघायला नको’ असं कोणी सांगत असेल तर तसं समजू नकोस. मी तीन वर्षांच्या हिशोबाने हे कार्ड सुचवतोय.

सेकंडहँडचा विचार मनात येईल, कारण तिथे हीच कार्डं बरीच स्वस्त दिसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा या पिढीची ढीगभर कार्डं बाजारात आली. मायनिंगमध्ये वापरलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण त्याचे पंखे आणि थर्मल पेस्ट झिजलेली असतात आणि मेमरी तापलेली असते. वॉरंटी शिल्लक असल्याचं मूळ बिल सोबत असेल, आणि समोर बसून अर्धा तास जड गेम चालवून दाखवला, तरच घे. कुरिअरने मागवू नकोस.

नवं घेताना पक्कं जीएसटी बिल घे आणि त्यावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घे. ‘बिलाशिवाय हजार कमी’ हा सौदा करू नकोस. वॉरंटी सीरियल नंबरवर आणि बिलावर चालते, आणि नांदेडहून कार्ड दुरुस्तीला मोठ्या शहरात पाठवावं लागलं तर तोच कागद हाती असतो. काही कंपन्या ठरावीक दिवसांत साइटवर नोंदणी केली तर जास्त वर्षं वॉरंटी देतात, तेही बघ. ६६०० कोणत्या कंपनीचं घ्यावं यावर फार डोकं लावू नकोस. १३२ वॅटचं कार्ड दोन पंख्यांवर आरामात थंड राहतं. जिची सेवा तुझ्या जवळ मिळते ती कंपनी निवड. खोकं उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढ.

कार्ड बसवलंस की एचडीएमआयची केबल मदरबोर्डच्या पोर्टातून काढून कार्डाच्या पोर्टात लाव. ५६००जी असलेली बरीच मुलं केबल जुन्याच जागी ठेवतात आणि कार्ड चालत नाही म्हणून फोन करतात. बायोसमध्ये वेगा ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली २ जीबी रॅम ऑटोवर टाकून मोकळी कर. डीडीयू या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर काढून एएमडीचा नवा टाक, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ७५ हर्ट्झ निवड, कारण ते बऱ्याचदा ६० वरच राहतं, आणि एएमडीच्या ॲड्रिनॅलिन सॉफ्टवेअरमध्ये फ्रीसिंक चालू आहे का बघ. मग रेड डेड आणि सायबरपंकमध्ये दिलेली बेंचमार्क चाचणी लागोपाठ तीन-चार वेळा चालव आणि तापमानावर लक्ष ठेव. हे सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरकून घे. कार्डात काही दोष निघाला तर दुकानातून थेट बदलून मिळण्याची मुदत फार थोड्या दिवसांची असते.